गुपित कोणासाठी राखायचे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला बाहेरून कोणी नामवंत वक्त्या बोलवाव्यात असे दरवर्षी ठरते, आणि दरवर्षी ऐनवेळी ती माळ मंडळातल्याच कुणाच्या तरी गळ्यात पडते. यंदा ती माझ्या गळ्यात पडली. मी काही व्यासंगी बाई नव्हे. माहेर गिरगावचे, सासर दादरचे, आणि सारा जन्म या दोन स्टेशनांच्या मध्ये गेलेला. तेव्हा विषयही त्याच परिसरातला घेतला आहे. मात्र तो सुचला एका इंग्रजी चित्रपटावरून, म्हणून आधी ती हकीकत सांगते.

गेल्या चैत्रातले हळदीकुंकू आटोपल्यावर आपण सात-आठ जणी मागे राहिलो होतो. यजमानीणबाईंच्या नातीने टेलिव्हिजनवर ‘रेड जोन’ नावाचा 2018 सालचा चित्रपट लावून दिला. एक म्हातारी आपल्या बागेत काम करीत असते, आणि एके दिवशी पोलीस दारात येतात. पन्नासएक वर्षांपूर्वी, महायुद्धाच्या काळात, या बाईने अणुबाँबची गुपिते रशियाला पुरवली असा आरोप. मग तिचे तरुणपण, तिची प्रेमे, तिची घालमेल. ज्यूडी डेंच या नटीने ती म्हातारी इतकी हुबेहूब वठवली आहे की डाळ-पन्हे तसेच राहिले.

चित्रपट संपला आणि वाद सुरू झाला. एकजण म्हणाली, “कितीही डोळ्यांत पाणी आणले तरी बाई देशद्रोहीच.” त्यावर दुसरी पटकन म्हणाली, “मग आपल्या गिरगावातल्या उषाबेन मेहतांनी काय केले? त्यांनीही युद्ध चालू असतानाच सरकारच्या विरुद्ध चोरून रेडिओ चालवला. त्या देशभक्त आणि ही देशद्रोही, हे कसे काय?” त्या दिवशी कुणालाच धड उत्तर देता आले नाही. मलाही नाही. तेव्हापासून तो प्रश्न डोक्यात घोळत राहिला, आणि आज तोच आपल्यापुढे मांडते आहे.

प्रथम उषाबेनची हकीकत. आपल्यापैकी पुष्कळजणींनी 2024 साली आलेला ‘ए वतन मेरे वतन’ हा चित्रपट पाहिला असेल. चित्रपट म्हटला की त्यात प्रेमकथेची फोडणी आलीच. खरी हकीकत फोडणीशिवायही पुरेशी तिखट आहे.

उषाबेनचा जन्म 25 मार्च 1920 चा, सुरतजवळच्या सरस गावचा. वडील ब्रिटिश सरकारचे न्यायाधीश. म्हणजे घरात जेवण यायचे ते सरकारच्या पगारातून, आणि आठ वर्षांची ही मुलगी ‘सायमन परत जा’ म्हणत मिरवणुकीत जायची. 1930 साली वडील निवृत्त झाले आणि दोनएक वर्षांत कुटुंब मुंबईला आले. उषाबेन विल्सन कॉलेजात शिकल्या. चौपाटीसमोरचे ते दगडी कॉलेज आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहे.

मग 1942 साल उजाडले. आपल्या सासवांच्या तोंडून आपण त्या सालाच्या गोष्टी ऐकल्या आहेत. जपान ब्रह्मदेशापर्यंत येऊन ठेपला होता. मुंबईवर बाँब पडणार या भीतीने कित्येक कुटुंबे बिऱ्हाड आवरून कोकणात निघून गेली होती. दिव्यांना काळे कागद लावलेले. अशा वेळी 8 ऑगस्टला गोवालिया टँकच्या मैदानावर ‘भारत छोडो’चा ठराव झाला, आणि 9 तारखेच्या पहाटे गांधीजींसह सारे पुढारी पकडले गेले. वर्तमानपत्रांच्या तोंडाला कुलूप लागले. बाहेर काय चालले आहे ते कळण्याचे साधन म्हणजे सरकारची नभोवाणी, आणि ती सरकारला सोयीचे तेवढेच सांगे. ऑल इंडिया रेडिओला ही तरुण मंडळी ‘अँटी इंडिया रेडिओ’ म्हणत.

बावीस वर्षांच्या उषाबेन आणि त्यांचे साथीदार, म्हणजे विठ्ठलदास ऊर्फ बाबूभाई खाकर, चंद्रकांत झवेरी, विठ्ठलदास झवेरी आणि इतर काही, यांनी ठरवले की आपला स्वतःचा रेडिओ काढायचा. ‘शिकागो रेडिओ’ या कंपनीचे नानक मोटवाने काँग्रेसच्या सभांना ध्वनिक्षेपक पुरवीत. त्यांचेही साहाय्य झाले. यंत्र बांधायला एक माहीतगार तंत्रज्ञ मिळाला. पुढे डॉ. राममनोहर लोहिया आणि आपल्या नगरचे अच्युतराव पटवर्धन यांसारखे भूमिगत पुढारी या केंद्राशी जोडले गेले. 27 ऑगस्ट 1942 रोजी 42.34 मीटरवर पहिला आवाज उमटला. हा काँग्रेस रेडिओ आहे आणि तो हिंदुस्थानात कुठूनतरी बोलतो आहे, एवढेच त्यांनी सांगितले. ते ‘कुठूनतरी’ म्हणजे आपले चौपाटी-गिरगाव होते.

आता ‘कुठूनतरी’ असे का सांगायचे, हे जरा घरगुती भाषेत सांगते. वाडीत कुठेतरी मूल रडत असले तर एका खिडकीतून आपल्याला एवढेच कळते की आवाज त्या बाजूने येतो आहे. पण पलीकडच्या घरातली बाई तिच्या खिडकीतून बोट दाखवील, तर दोघींच्या बोटांच्या रेघा जिथे मिळतात त्याच खोलीत मूल रडते आहे हे नक्की होते. रेडिओच्या लहरींचे तसेच आहे. पोलिसांच्या गाड्या असे दिशा दाखवणारे यंत्र घेऊन रस्त्यांतून फिरत. जितका वेळ केंद्र एका जागी बोलत राहील तितके ते सापडणे सोपे. म्हणून या मंडळींना सारखे बिऱ्हाड बदलावे लागे. चौपाटी, लॅबर्नम रोड, सँडहर्स्ट रोड, महालक्ष्मी, गिरगाव. आपण भाजी आणायला ज्या रस्त्यांनी जातो त्याच रस्त्यांनी ते यंत्र सामानसुमानात दडवून या घरातून त्या घरात नेले जात होते. सुरुवातीला दिवसातून दोनदा, हिंदुस्थानी आणि इंग्रजीत कार्यक्रम होई, पुढे संध्याकाळी एकदाच. आरंभी ‘हिंदोस्ताँ हमारा’, शेवटी ‘वंदे मातरम्’.

त्यात सांगत काय? जे वर्तमानपत्रांना छापता येत नव्हते ते. जमशेदपूरच्या कामगारांचा संप, बलियाचे समांतर सरकार, चितगावची बाँबफेक. आणि आपल्या विदर्भातली आष्टी-चिमूरची हकीकत. 16 ऑगस्टला तिथे लोक आणि पोलीस यांत झटापट होऊन दोन्हीकडची माणसे मेली. त्यानंतर चिमूरला गोरे सैन्य आणि पोलीस आले. पुरुषांची धरपकड झाली आणि मागे राहिलेल्या बायकांवर अत्याचार झाले. ही गोष्ट देशाला कळू नये असा कडक बंदोबस्त होता. भगिनींनो, मला वाटते काँग्रेस रेडिओने दुसरे काही सांगितले नसते आणि एवढेच सांगितले असते, तरी त्याचा जन्म सार्थकी लागला असता.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. आज आपल्याला हे सारे सरळ वाटते. त्या वेळी तसे नव्हते. पलीकडे हिटलर होता, जपान होता. सुमारे 25 लाख हिंदी जवान त्या युद्धात सरकारच्या बाजूने लढत होते. त्यांत आपल्या कोकणातले आणि देशावरचे हजारो मराठे होते. कुलाबा जिल्ह्यातला नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 रोजी इटलीत धारातीर्थी पडला आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉसचा मानकरी ठरला. त्याला कोण गद्दार म्हणेल? आणि आपल्या परळ-लालबागच्या गिरणगावात लाल बावट्याची मंडळी निराळेच सांगत होती. हिटलरने 1941 च्या जूनमध्ये रशियावर स्वारी केली, त्यानंतर काही महिन्यांनी कम्युनिस्ट पक्ष म्हणू लागला होता की हे आता लोकयुद्ध झाले आहे, गिरण्या बंद पाडू नका. त्यांतले पुष्कळजण पूर्वी इंग्रजांच्या तुरुंगात जाऊन आलेले, कामगारांसाठी हाडाची काडे केलेले होते. म्हणजे एकाच चाळीत एक भाऊ सैन्यात, एक भूमिगत आणि एक लाल बावट्याचा, आणि तिघेही आपापल्या परीने निष्ठावंत! त्यांच्या आईने कुणाला ताट वाढायचे आणि कुणाला नाही?

केंद्र अडीच महिने चालले. मग घात झाला, आणि तो बाहेरून झाला नाही. यंत्र बांधणारा तंत्रज्ञच पोलिसांच्या हाती लागला आणि फुटला. त्याचे नाव इतिहासाच्या पुस्तकांत आहे. मी ते आज घेत नाही. पोलीस कोठडीत माणसाचे काय होते हे आपण घरी पंख्याखाली बसून ठरवू नये. 12 नोव्हेंबर 1942 च्या त्या दिवशी आधी बाबूभाईंच्या जागेवर धाड पडल्याचे उषाबेनना कळले. आता गिरगावच्या पारेखवाडीतल्या केंद्रावर पोलीस येणार हे उघड होते. घरी बसता आले असते. तरी त्या चंद्रकांत झवेरींना घेऊन तिथे गेल्या आणि ठरलेला कार्यक्रम सुरू केला. शेवटची ‘वंदे मातरम्’ची तबकडी चालू असताना दारे फोडून पोलीस आत आले. तबकडी बंद करा म्हणाले. उषाबेननी ती बंद केली नाही.

त्यानंतर सहा महिने चौकशी. दिवसचे दिवस तेच प्रश्न: आणखी कोण होते, पैसे कुणी दिले, लोहिया कुठे आहेत? सहकाऱ्यांची नावे सांगितली तर परदेशी शिकायला पाठवू, असे आमिषही दाखवले गेले. बावीस-तेवीस वर्षांच्या हुशार मुलीला परदेशचे शिक्षण! पण त्या बोलल्या नाहीत. विशेष न्यायालयात खटला उभा राहिला, तेव्हा प्रश्नांना उत्तर देणे मला बंधनकारक आहे काय, असे त्यांनी न्यायाधीशांनाच विचारले. तसे बंधन नाही असे कळताच त्यांनी एकाही प्रश्नाचे उत्तर दिले नाही. स्वतःच्या बचावासाठी उपयोगी पडणाऱ्या प्रश्नाचेसुद्धा नाही. न्यायाधीशाच्या मुलीला कोर्टात कसे उभे राहावे हे ठाऊक होते. त्यांना चार वर्षांची सजा झाली, बाबूभाईंना पाच, चंद्रकांत झवेरींना एक. मोटवाने आणि विठ्ठलदास झवेरी सुटले. उषाबेन येरवड्याला गेल्या. तिथे प्रकृती ढासळली, तेव्हा जे. जे. रुग्णालयात पहाऱ्यात ठेवले आणि बरे वाटताच पुन्हा येरवडा. 1946 च्या मार्चमध्ये त्या सुटल्या.

6 ऑगस्ट 1945 रोजी हिरोशिमावर अणुबाँब पडला तेव्हा त्या बंदिवासातच होत्या. आणि नेमक्या याच ठिकाणी दुसऱ्या बाईची गोष्ट सुरू होते.

‘रेड जोन’ हा चित्रपट ज्या कादंबरीवरून काढला तिला आधार एका खऱ्या बाईचा आहे. तिचे नाव मेलिटा नॉरवुड. योगायोग पहा, तिचाही जन्म 25 मार्चचा, मात्र 1912 सालचा. चित्रपटातली नायिका केंब्रिजला पदार्थविज्ञान शिकते. खरी मेलिटा कचेरीत सेक्रेटरी होती, टंकलेखन करणारी. लंडनमधील धातुसंशोधन करणाऱ्या एका संस्थेत तिने 1932 पासून चाळीस वर्षे नोकरी केली. युद्धकाळात या संस्थेचा संबंध ब्रिटिश अणुबाँबच्या योजनेशी आला. त्या योजनेला कुणाला संशय येऊ नये म्हणून ‘ट्यूब अलॉइज’ असे नळदुरुस्तीच्या दुकानासारखे नाव ठेवले होते. साहेबांच्या कपाटातले कागद सेक्रेटरीच्याच हातून जायचे. मेलिटा कम्युनिस्ट विचारांची. त्या कागदांची छायाचित्रे काढून ती रशियाच्या हस्तकांकडे पोचवीत असे. रशियाने 29 ऑगस्ट 1949 रोजी पहिला बाँब उडवला. मेलिटाच्या कागदांचा त्यात वाटा किती, याबद्दल अभ्यासकांचे एकमत नाही. शास्त्रज्ञ क्लाउस फुक्स याने दिलेली माहिती पुष्कळच मोलाची होती, आणि तो 1950 साली पकडला जाऊन तुरुंगात गेला.

मेलिटा मात्र पकडली गेली नाही. ती निवृत्त झाली, आजी झाली, बागेत रमली. रशियन गुप्तहेर खात्यातला मित्रोखिन नावाचा अधिकारी तिथल्या दप्तरांची टिपणे घेऊन इंग्लंडला आला होता. ती टिपणे 1999 साली प्रसिद्ध झाली तेव्हा बाईचे नाव बाहेर आले. ती तेव्हा 87 वर्षांची होती. पुढच्या दारी येऊन तिने वार्ताहरांना शांतपणे सांगितले की मी हे पैशासाठी केले नाही; गरिबांना अन्न, शिक्षण आणि औषध देऊ पाहणारी एक नवी व्यवस्था बुडू नये एवढेच मला वाटत होते. वयाकडे पाहून सरकारने खटला भरला नाही. 2005 साली ती वारली. तिचा नवरा शिक्षक होता, तिच्याच विचारांचा. पण तिनेच सांगितल्याप्रमाणे ही हेरगिरी त्याला पसंत नव्हती. तरी तो आयुष्यभर गप्प राहिला. चित्रपटात प्रेम म्हणून ज्या चोरट्या भेटी दाखवल्या आहेत त्यांपेक्षा मला हे प्रेम अधिक अवघड वाटते. पटत नसलेले गुपित उशाशी घेऊन रोज रात्री झोपायचे, आणि सकाळी उठून शाळेत मुलांना शिकवायला जायचे.

आता दोघींना शेजारी-शेजारी बसवू. दोघींनी चोरून काम केले. दोघींनी एक पैसा घेतला नाही असे दोघींच्या चरित्रावरून दिसते. दोघींना आपण न्यायाच्या बाजूने आहोत अशी खात्री होती. मग फरक कशात?

माझ्या अल्पबुद्धीला तीन गोष्टी दिसतात. पहिली अशी की निष्ठा मागायलाही अधिकार लागतो. 3 सप्टेंबर 1939 रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात उतरल्याचे जाहीर केले तेव्हा इथल्या एकाही लोकनियुक्त पुढाऱ्याला विचारले नव्हते. ज्या घरात आपल्याला विचारत नाहीत त्या घराची गुपिते राखायला आपण बांधलेले नसतो. मेलिटाला मत होते, सभा होती, वर्तमानपत्र होते. हा बाँब करू नका असे तिला चौकात उभे राहून म्हणता आले असते. म्हटले असते तर कदाचित तिची नोकरी गेली असती, कदाचित तुरुंगही मिळाला असता. पण ती वाट होती.

दुसरी गोष्ट अशी की उषाबेननी चोरून जे केले ते लोकांना मोठ्याने सांगण्यासाठी केले. केंद्र गुप्त होते, बातमी उघड होती. ज्याच्या घरी रेडिओ असेल त्या कुणीही ऐकावी! मेलिटाने एका सरकारच्या तिजोरीतले काढून दुसऱ्या सरकारच्या तिजोरीत टाकले. लंडनच्या बाईला ते कळले नाही आणि मॉस्कोच्या बाईलाही कळले नाही.

तिसरी गोष्ट किमतीची. पकडल्यावर उषाबेननी आपल्या कृत्याची किंमत स्वतः दिली आणि दुसऱ्या कुणाला देऊ दिली नाही.

हे सारे मांडल्यावर आपला निकाल लागला असे मला वाटले होते. पण माझी नात कायद्याचा अभ्यास करते. ती म्हणाली, “आजी, एकट्या अमेरिकेजवळ बाँब राहिला असता तर तो पुन्हा कुठेतरी पडला नसता कशावरून?” रेड जोनही तेच म्हणते. याला माझ्याकडे उत्तर नाही. 1945 नंतर बाँब कुणावर पडला नाही हे खरे. तो धाकाने पडला नाही, की शहाणपणाने, की निव्वळ नशिबाने, हे मी कोण सांगणार? म्हणून मेलिटाला शिक्षा सुनवायला मी धजत नाही. तिला उषाबेनच्या रांगेत मात्र बसवणार नाही.

आणि अणूचे गुपित काही फक्त साहेबांच्या देशातच होते असे नाही. ते आपल्या शेजारी तुर्भ्यालाही होते. 4 ऑगस्ट 1956 रोजी तिथे ‘अप्सरा’ ही आशियातली पहिली अणुभट्टी सुरू झाली तेव्हा साऱ्या देशाने कौतुक केले. पण 18 मे 1974 रोजी पोखरणला स्फोट झाला, तेव्हा त्या कामात पंचाहत्तरच्या आसपासच शास्त्रज्ञ आणि इंजिनियर होते, आणि घरी चकार शब्द काढायचा नाही अशी ताकीद होती. त्यांत डॉ. अनिल काकोडकर होते, आपल्या रुपारेल कॉलेजचे आणि माटुंग्याच्या व्ही. जे. टी. आय. चे विद्यार्थी. त्यांचे वडील पुरुषोत्तम काकोडकर गोव्याच्या मुक्तिलढ्यात पोर्तुगीजांच्या हाती सापडले आणि त्यांना थेट पोर्तुगालला नेऊन ठेवले. आई कमलाताई गांधीजींच्या विचारांच्या. त्यांनी एकटीने मुलाला वाढवले. नवरा देशासाठी सातासमुद्रापार आणि मुलगा देशाच्या गुपितात, अशी ती माउली. अहिंसेवर श्रद्धा ठेवणाऱ्या त्या घराचा विचार मनात आला की मी थबकते. शिवाय त्या स्फोटातले प्लुटोनियम ज्या भट्टीत झाले ती कॅनडाने शांततेच्या कामासाठी दिली होती. स्फोटानंतर कॅनडाने आपले सहकार्य थांबवले. म्हणजे इथे जी निष्ठा ठरली ती ओटावाला दगा वाटली. तेव्हा भगिनींनो, दुसऱ्याच्या गुपितावर बोट ठेवताना आपलेही घर आठवावे.

हे सारे मी आज महिला मंडळात कशासाठी सांगते आहे? आपल्यापैकी कुणाजवळ अणुबाँबचे कागद नाहीत आणि कुणी रेडिओ केंद्र चालवणार नाही. पण गुपिते आपणही राखतो. बायकांइतकी गुपिते कुणी राखत नसेल. आणि इथे मला स्वतःची एक गोष्ट सांगायची आहे. ती मी आजवर कधी बोलले नाही.

लग्न होऊन मी दादरच्या चाळीत आले त्या वर्षीची ही गोष्ट. आमच्या वरच्या मजल्यावर एक कुटुंब होते. नवरा चांगल्या नोकरीत, गणपतीच्या वर्गणीत पहिले नाव त्याचे. रात्री त्यांच्या खोलीतून जे आवाज येत ते साऱ्या चाळीला ऐकू येत. सकाळी ती बाई नळावर येई तेव्हा पदर कपाळापर्यंत ओढलेला असे. आम्ही सगळ्याजणी तिला वाट करून देत असू, तिची बादली आधी भरून देत असू, आणि बोलत मात्र काहीच नसू. एकदा मी सासूबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, “घरची गोष्ट घरात राहू दे. चाळीची अब्रू जाते.” सासूबाई वाईट नव्हत्या, त्यांना तसेच शिकवले होते. मीही गप्प बसले. एका पहाटे ती बाई मुलाला कडेवर घेऊन खाली उतरली. मी दूध घ्यायला दारात उभी होते. तिने माझ्याकडे पाहिले. मी नजर खाली घातली. ती पुढे कुठे गेली हे आमच्यापैकी कुणालाच कळले नाही. ती चाळ आता पाडली गेली, तिच्या जागी उंच इमारत आहे. तो जिना गेला, पण ती नजर गेली नाही.

उषाबेन गप्प बसल्या आणि मीही गप्प बसले. त्यांच्या मौनाने पकडले जाऊ शकणारी माणसे वाचली. माझ्या मौनाने मारणारा वाचला. हा फरक समजायला मला एवढी वर्षे लागली. म्हणून त्या दिवशीच्या वादाला माझे उत्तर असे आहे की गुपित कुणाचे आहे हे आधी पाहू नये. ते राखल्याने कोण वाचतो ते पाहावे. दुबळा वाचत असेल तर जीभ तोडली तरी बोलू नये. बलवान वाचत असेल तर ते गुपित उघड करणे हीच निष्ठा.

आज तर कायदाही आपल्या बाजूने आहे. घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा 2005 साली झाला आणि 2006 पासून अमलात आला. अत्याचार होतो आहे असे वाटणाऱ्या कुणाही व्यक्तीला, म्हणजे शेजारणीलाही, संरक्षण अधिकाऱ्याला खबर देता येते. चांगल्या हेतूने खबर देणाऱ्यावर त्याबद्दल ठपका येत नाही. माझी मंडळाला विनंती आहे की दोघी-तिघींनी मिळून हे काम अंगावर घ्यावे; आपल्या विभागाचा संरक्षण अधिकारी कोण, कुठे बसतो, याची माहिती काढून मंडळाच्या फलकावर लावावी. स्मरणिकेत भाषणे छापली जातात आणि रद्दीत जातात. फलक मात्र येता-जाता दिसतो. आणि ज्या बाईला त्याची गरज असेल तिला कुणाला न विचारता तो वाचता येतो.

उषाबेन पुढे विल्सन कॉलेजात आणि विद्यापीठात शिकवीत राहिल्या. मणिभवनाचे काम त्यांनी पाहिले. त्या आजन्म अविवाहित राहिल्या. 1998 साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. दरवर्षी 9 ऑगस्टला त्या गोवालिया टँकच्या मैदानावर जात. 2000 सालीही अंगात ताप असताना गेल्या, आणि दोन दिवसांनी, 11 ऑगस्टला, त्यांनी देह ठेवला. पारेखवाडीवरून जाल तेव्हा क्षणभर थांबा. तिथे एका मुलीने दारे फुटत असतानाही तबकडी चालू ठेवली होती.

 चुकले-माकले असेल तर पोटात घाला. पण जे बोलायला हवे ते मात्र पोटात ठेवू नका.